बतावणी आणि भुयार

जुने फँटसी आरपीजी खेळणारे चार जण एकत्र आले की दोन वाद हमखास निघतात. सगळ्यात भारी सोबती कोण, आणि सगळ्यात छळणारं डंजन कोणतं. पहिल्या वादात मिन्स्कचं नाव येतं, एडविनच्या जादूचा हिशोब मांडला जातो, कोणीतरी हिरिरीनं व्हिकोनियाची बाजू घेतं. मग विषय वळतो आणि डर्लॅगच्या मनोऱ्याला शिव्या सुरू होतात. दोन्ही वाद मी भरपूर घातलेत. पण ते वेगवेगळे घातले की त्यातली मजा निघून जाते असं मला हल्ली वाटायला लागलंय. भुयार किती अवघड आहे यावर सोबती किती खरा वाटतो हे ठरतं, आणि सोबत कोण आहे यावर त्या भुयाराला अर्थ येतो. एकाला बाजूला ठेवून दुसऱ्याचं मोल करायला गेलं की हातात फक्त डॅमेजचे आकडे उरतात.

ज्यांनी हे खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘बाल्डर्स गेट’ १९९८ साली आला, कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा. दुसरा भाग २००० साली. डागडुजी केलेली नवी आवृत्ती आता फोनवरही चालते; अक्षरं बारीक दिसतात आणि बोटानं सहा माणसं हाकताना जीव जातो, पण चालते. सहा म्हणजे तुम्ही आणि जास्तीत जास्त पाच सोबती. हे पाच जण वाटेत भेटतात, आपापली कामं आणि वैरं घेऊन येतात, तुमच्याशी पटलं नाही तर तोंडावर सांगतात आणि चालू पडतात.

या तोंडावर सांगण्यावर माझा जीव आहे, आणि त्याला कारण नारायणगाव. पाडव्याच्या आधी तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावातले आणि कुठून कुठून लांबचे यात्रा कमिटीवाले सुपारी ठरवायला येतात. आमच्या भागातल्या पोरांनी तमाशा पाहिला नाही असं होत नाही, घरी सांगितलेलं नसतं एवढंच. गवळणीत कृष्णासोबत पेंद्या असतो: साक्षात देवाचा सवंगडी, पण लंगडा, आणि देवाची टर उडवायला सगळ्यात पुढे. वगात राजासोबत सोंगाड्या असतो, कधी हवालदार, कधी शिपाई. राजा मोठ्या थाटात एक वाक्य टाकतो, सोंगाड्या त्यातल्या एका शब्दाला धरून राजाला गाळात घालतो. राजा चिडतो, पण त्याला हाकलून देता येत नाही, कारण पुढचं काम त्याच्यावाचून अडतं. आणि हा उलट बोलायचा हक्क ज्यांनी बोर्डावर गाजवला ते कलावंत बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजातले होते. खाली उतरल्यावर गावच्या पाटलासमोर त्यांना तसं बोलायची सोय नव्हती. बतावणीला धार येते ती तिथून. बोलणाऱ्याला ते बोलणं महागात पडू शकतं हे ऐकणाऱ्यांना माहीत असतं.

हे माप लावलं की सोबत्यांची नेहमीची क्रमवारी उलटीपालटी होते. मिन्स्कचंच घ्या. हा धिप्पाड योद्धा खांद्यावर बू नावाचा हॅमस्टर घेऊन फिरतो आणि तो अवकाशातून आलेला महाकाय हॅमस्टरच आहे, फक्त छोटा, असं छातीठोक सांगतो. सगळ्यांचा लाडका. पहिल्या भागात त्याचा एकच हट्ट असतो: कैदेतल्या डायनाहेरला सोडवा. चालढकल केलीत तर तो तुमच्यावरच तलवार उपसतो. हा मिन्स्क मला आवडतो. दुसऱ्या भागात मात्र तो हळूहळू हॅमस्टरचे डायलॉग मारण्यापुरता उरतो, आणि टी-शर्टवर जातो तो हाच. त्याच्याशी तुमचा वाद होत नाही. सोंगाड्याची टोपी आहे, पण राजाला चिमटा नाही.

जहिरा त्याच्या कितीतरी वर. पहिल्या भागात ती आणि तिचा नवरा खालिद जोडीनं येतात. एकाला काढलंत की दुसरा थांबत नाही. खालिद बोलताना अडखळतो, जहिरा त्याच्या वाटचंही बोलते, तुम्हालाही सुनावते. किती खेळाडूंनी ‘मला फक्त ती हवी होती’ म्हणून कपाळावर हात मारला असेल! पण माणूस एकटा येत नाही, त्याचं घरदार सोबत येतं, हे त्या खेळानं कुठलंही भाषण न ठोकता नियमातच बसवून टाकलं. दुसरा भाग सुरू होतो तो आयरेनिकस नावाच्या मांत्रिकाच्या तळघरात, तुम्ही पिंजऱ्यात. हे तळघर अनेकांना इतकं कंटाळवाणं वाटतं की ते थेट ओलांडून पुढे नेणारा मॉड लोकांनी बनवला. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मीही तो लावायचा विचार केला, पण लावला नाही, कारण त्याच तळघरात खालिदचं प्रेत सापडतं. जहिरा सोबत असेल तर आधी मानायलाच तयार होत नाही, हा भ्रम आहे म्हणते. तेवढ्यासाठी बाकीच्या कंटाळवाण्या खोल्या मी सोसतो. (त्यानंतर जहिराचं नायकाशी प्रेमप्रकरण इतक्या लवकर सुरू होतं की लेखकांना सुतक वगैरे काही प्रकार ठाऊक नसावा.)

माझ्या मते या खेळांतली सगळ्यात चांगली बतावणी केलडॉर्न आणि व्हिकोनियाची. बतावणी म्हणतोय खरा, पण ती हसण्यावारी संपत नाही. केलडॉर्न म्हातारा, धर्मनिष्ठ योद्धा. व्हिकोनिया ड्राऊ, म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या आणि सगळ्या जगानं ओवाळून टाकलेल्या जमातीतली. दुसऱ्या भागात ती पहिल्यांदा दिसते तेव्हा शहरातला जमाव तिला जाळायला निघालेला असतो. तिनं काय केलं हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही, ती कोण आहे एवढं पुरतं. तुम्ही तिला सोडवून सोबत घेतलीत की तुमची पत घसरते, आणि या खेळात पत घसरली की दुकानदार भाव वाढवतो. गावकीनं वाळीत टाकलेल्या घराशी संबंध ठेवणाऱ्याचं काय होतं, ते बाणांच्या किमतीतून कळतं. केलडॉर्न तिला सहन करू शकत नाही. टोमणे, मग धमक्या, आणि शेवटी हत्यारं बाहेर.

आता यात भुयार आणा. केलडॉर्न भेटतो तो शहराच्या गटारांत, आणि तिथून पुढे वाट जाते ती नजरेनं मंत्र फेकणाऱ्या डोळेवाल्या राक्षसांकडे. शत्रूची जादू उतरवण्यात केलडॉर्नचा हात कोणी धरणार नाही. व्हिकोनियाच्या अंगाला जादू सहसा लागत नाही, शिवाय जखमा भरायला तीच. म्हणजे वर उजेडात जी दोघं एकमेकांचा जीव घेतील, खाली अंधारात ती दोघंही तुम्हाला हवी असतात. आतून पाहिलं तर हे संवाद साधे टायमर आहेत: इतका वेळ गेला, दोघं जिवंत आहेत, लढाई चालू नाही, मग पुढची ठिणगी टाक. कोडच्या दोन-चार ओळी. पण खाली अजून दोन दालनं बाकी आहेत, मंत्र संपलेत, आणि इथेच टायमर पेटला तर? भुयार सोपं असतं तर यांतल्या एकाला आधीच घरी पाठवून मोकळे झालो असतो. अवघडपणामुळे ते भांडण माझ्या गळ्यात पडतं.

सगळीच अवघड भुयारं हे करत नाहीत. पहिल्या भागात फायरवाइन नावाचे अवशेष आहेत. अरुंद बोळ, पेटते बाण मारणारे कोबोल्ड, आणि वाट शोधण्याचा असा अल्गोरिदम की सहा जण एकमेकांच्या पायांत अडकतात. एक मागे फिरतो, दुसरा लांबचा वळसा घालून एकटाच शत्रूत जाऊन उभा राहतो. एसटीच्या दारात उतरणारे आणि चढणारे एकदमच घुसावेत तसा प्रकार. तिथे सोबती म्हणजे नुसता अडथळा. ते बोळ तिथे कोणी बांधले, कशासाठी, हे खेळताना एकदाही डोक्यात येत नाही.

आमच्याकडचे किल्ले चढणाऱ्याला हा फरक चटकन कळेल. हडसरची वाट कातळातच अशी कोरली आहे की येणारा दरवाजासमोर अरुंद जागेत सापडावा. चावंडच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८च्या मोहिमेनंतर फोडल्या, म्हणून तिथे आज रेलिंग धरून चढावं लागतं. दोन्ही ठिकाणी धाप लागते, आणि दोन्ही ठिकाणी धाप लागावी असं कुणीतरी ठरवलेलं होतं. एकानं राखायला, दुसऱ्यानं पुन्हा कुणी राखू नये म्हणून.

डर्लॅगचा मनोरा त्या जातीचा. ‘टेल्स ऑफ द स्वोर्ड कोस्ट’ या १९९९च्या पुरवणी भागात तो आला. डर्लॅग हा बुटका योद्धा. यानं खजिना जमवला, मनोरा बांधला, कुटुंब आणि भाऊबंद आणून वसवले. मग तिथे रूप बदलणारे डॉपलगँगर शिरले. त्यांनी त्याच्या माणसांना मारून त्यांचेच चेहरे घेतले, आणि डर्लॅगला आपल्या बायकोपोरांच्या चेहऱ्यांवर कुऱ्हाड चालवावी लागली. तो वाचला, पण त्यानंतर त्याचा कुणावरच विश्वास राहिला नाही. उरलेलं आयुष्य त्यानं मनोऱ्याखाली सापळे रचण्यात घालवलं. तुम्ही त्या सापळ्यांमधून उतरत जाता. गर्व, लोभ, भय आणि प्रेम अशा नावांचे चार पहारेकरी वाट अडवतात, त्यांना हवं ते शोधून दिल्याशिवाय सुटका नाही. एका दालनात जमिनीवर बुद्धिबळाचा पट आहे, तुमची सहा माणसं सोंगट्या होतात, चुकीच्या घरात पाऊल पडलं की वीज कोसळते. आणि तळाशी एक आरसा आहे, त्यातून तुमच्याच सोबत्यांची रूपं तुमच्यावर चालून येतात. डर्लॅगवर जे गुदरलं ते तुमच्यासमोर येऊन उभं राहतं.

म्हणजे या मालिकेतलं गाजलेलं अवघड भुयार अशा माणसानं बांधलंय ज्याला पुन्हा कुणाची सोबत नको होती. आणि ते पार करायला सोबत लागते. एकट्यानं पार करणारे महारथी आहेत, त्यांना नमस्कार. तुमच्याआमच्यासाठी तिथे इमोएन हवी. लहानपणापासूनची मैत्रीण, बडबडी, थोडी आगाऊ, लढाईत यथातथाच. उघड्या रानात तिला मागे ठेवायची सवय लागते. मनोऱ्यात मात्र ती पुढे. ती दोन पावलं टाकते, थांबते, जमीन चाचपते, सापळा लाल दिसला की सगळे जागच्या जागी. ताकदवान योद्धे तिच्या वेगानं चालतात. तीन-चार तास असं चालल्यावर तिची तीच ती टिवल्याबावल्यांची वाक्यं कानाला वेगळी लागायला लागतात, जरी लेखकानं एक शब्दही वाढवलेला नसला तरी.

दुसऱ्या भागात लेखकांनी याच विश्वासावर घाव घातला. (पंचवीस वर्षांपूर्वीच्या खेळाचं गुपित सांगतोय, चालेल ना?) तिथे सापळे काढायला योशिमो मिळतो, हसतमुख, उपयोगी. अर्धा खेळ तुम्ही त्याच्या मागून पावलं टाकता. मग कळतं की तो पहिल्यापासून आयरेनिकसच्या मंत्रानं बांधलेला होता, आणि तुम्हाला जिथे पोचवायचं होतं तिथे त्यानं बरोबर पोचवलंय. तो मेल्यावर त्याचं काळीज देवळात नेऊन देता येतं. मी दर खेपेला नेतो.

‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मधले (२००९) डीप रोड्सही लांबलचक म्हणून बदनाम आहेत, आणि तिथेही असंच काहीसं घडतं: ब्रांका नावाची बाई सापळे ओलांडण्यासाठी स्वतःच्याच घराण्यातली माणसं खर्ची घालते. हा प्रसंग जबरदस्त आहे. पण त्याच खेळात सोबत्यांची मर्जी आकड्यात दिसते आणि नाराज माणसाला भेटवस्तू दिल्या की तो खूष होतो. मॉरिगनला दागिने द्या, हिशोब चुकता. सोंगाड्याला बक्षिसी देऊन गप्प बसवलं तर वगात राहिलं काय? २०२३चा ‘बाल्डर्स गेट ३’ लिहिण्यात आणि अभिनयात या सगळ्यांच्या पुढे आहे, शॅडोहार्ट आणि लेझेलचं रात्रीचं भांडण गळ्यावर सुरी येईपर्यंत जातं. मात्र मेलेला सोबती तळावर दोनशे नाण्यांत परत येतो. जुन्या पहिल्या भागात घाव जबर बसला की माणसाचे तुकडे व्हायचे आणि कुठलंही देऊळ त्याला उठवू शकायचं नाही.

आपल्याकडचं काय? पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ काढला. हा ॲक्शन प्रकारातला खेळ, त्यामुळे तुलना थोडी अन्यायाची आहे, पण सोबतीचा प्रश्न त्यालाही पडलेला दिसतो. सर्कशीत काम करणारी राजी महाबलासुरानं पळवलेल्या भावाला शोधत एकटीच निघते, आणि वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल आपसात बोलत राहतात. भिंतींवरची चित्रं, बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली गोष्ट, दगडी महालांवरचं ऊन, सगळं डोळ्यांत भरणारं. पण देवांची ती हलकी हुज्जत तिच्यापर्यंत पोचत नाही. ते तिला शस्त्रं देतात, तिचं कौतुक करतात, तिला अडवत मात्र नाहीत. तीही त्यांना एक अक्षर उलट बोलत नाही. खालच्या उड्या आणि लढाया अवघड आहेत, पण त्यांत माझ्याशिवाय कुणाचं काही पणाला लागलेलं नसतं, कारण देवांना सापळा लागत नाही.

त्याच देवांसोबत गवळणीत पेंद्या होता. दुर्गेनं त्रिशूळ हातात दिल्यावर ‘बाई, हे पेलायला आधी जेवायला द्या’ असं म्हणणारा कोणीतरी राजीच्या मागे लंगडत आला असता, आणि एखाद्या कड्यावर त्याला सोडून उडी मारायची की नाही हे मला ठरवावं लागलं असतं, तर तो खेळ मी दुसऱ्यांदा लावला असता.