सही झाली, पुढे काय?

मार्च २०२२. ऑस्कर सोहळा आठवड्यावर आलेला असताना 'खबर लहरिया'ने एक निवेदन काढलं. बुंदेलखंडात बायकांनी उभ्या केलेल्या या वृत्तसंस्थेवरचा 'रायटिंग विथ फायर' हा रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांचा माहितीपट नामांकनात होता. सगळीकडून कौतुक चाललेलं असताना या पत्रकार बायकांनी स्पष्ट सांगितलं, की फिल्म ताकदीची आहे, पण तिच्यात दिसते ती आमची संस्था अर्धीच आहे. आमचं सारं काम एकाच राजकीय पक्षाभोवती फिरतं असा समज ती करून देते आणि तो चुकीचा आहे.

'आम्हाला चांगलं दाखवलं नाही' अशी ही कुरकुर नव्हती. ज्यांना दुसऱ्या दिवशी बातमीसाठी त्याच पोलीस ठाण्यात, त्याच पक्षाच्या कार्यालयात जायचं आहे, त्यांच्यावर जगासमोर एक शिक्का बसला होता. ही आमची दिग्दर्शक म्हणून असलेली नजर आहे, अशी बाजू दिग्दर्शकांनी मांडली. तो हक्क मान्यच करायला हवा. नजर नसलेला माहितीपट म्हणजे नुसतं चित्रीकरण. पण त्या नजरेची किंमत मोजण्याची वेळ मात्र दिग्दर्शकावर येत नाही.

भारतीय माहितीपट आज कसबाच्या बाबतीत जगात कुठेही कमी नाही. दिग्दर्शक वर्षानुवर्षं माणसांच्या घरात वावरतात, भांडणं, आजारपणं, बाळंतपणं टिपतात. त्या शेकडो तासांतून दीडेक तास उरतो, आणि आयुष्याची गोष्ट होते ती संकलनाच्या टेबलावर. संमतीपत्रावर सही मात्र बहुधा सुरुवातीलाच घेतलेली असते, जेव्हा फिल्म काय होणार हे खुद्द दिग्दर्शकालाही ठाऊक नसतं. मग सही करणाऱ्याने नेमकी कशाला परवानगी दिली?

हा प्रश्न जुना आहे. आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर'मध्ये (१९८५) मुंबईतल्या झोपडपट्टीतली एक बाई कॅमेरा घेऊन आलेल्यांनाच फैलावर घेते. गरिबांची चित्रं काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्या पदरात काय पडणार, असा तिचा रोख. पटवर्धनांनी तो प्रसंग कापला नाही. पण असा आरोप फिल्ममध्ये ठेवणं हेसुद्धा प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र ठरू शकतं. 'हमारा शहर'च्या बाबतीत ते तसं वाटत नाही, कारण १९८६मध्ये संजय गांधी नगरची वस्ती पाडल्यावर शबाना आझमींबरोबर उपोषणाला बसणाऱ्यांत पटवर्धनही होते. बाईच्या प्रश्नाला निदान एक उत्तर पडद्याबाहेर मिळालं.

निष्ठा जैन यांनी 'लक्ष्मी अँड मी'मध्ये (२००७) हीच अडचण स्वतःच्या घरात आणली. त्यांच्याकडे घरकाम करणारी तरुण मुलगी हाच फिल्मचा विषय. जी पगार देते तीच चित्रीकरणाची परवानगी मागते, तेव्हा 'नाही' म्हणणं कितपत शक्य असतं? दिग्दर्शिका स्वतः चौकटीत येऊन उभी राहते, त्यामुळे प्रेक्षकालाही या प्रश्नातून सुटका मिळत नाही.

सर्वांत अवघड प्रकरण 'टू किल अ टायगर'चं. झारखंडच्या एका खेड्यात तेरा वर्षांच्या मुलीवर सामूहिक बलात्कार होतो. आरोपींपैकीच एकाशी तिचं लग्न लावून मिटवा, असा गावाचा दबाव. बाप मात्र कोर्टाची पायरी सोडत नाही. निशा पाहुजांच्या या फिल्ममध्ये एका क्षणी चिडलेले गावकरी चित्रीकरण करणाऱ्यांवरच चाल करून येतात. कॅमेऱ्याने कुटुंबाला बळ दिलं, आणि त्याच कॅमेऱ्याने गावाचा रागही वाढवला. दोन्ही गोष्टी पडद्यावर दिसतात. मुलीचा चेहरा झाकायचा, असं आधी ठरत होतं. अठरा वर्षांची झाल्यावर तिने फिल्म पाहिली आणि चेहरा दाखवायला स्वतः होकार दिला. पीडित बालकाची ओळख उघड करायला आपला कायदा मनाई करतो. मग मोठी झालेली मुलगी तेराव्या वर्षीच्या स्वतःच्या वतीने होकार देऊ शकते का? तिचा निर्णय मोडीत काढणं म्हणजे पुन्हा तिच्याच तोंडावर हात ठेवणं, हे खरं. तरीही चिंता उरते. अठराव्या वर्षी दिलेला होकार तिसाव्या वर्षी मागे घ्यावासा वाटला, तर नेटफ्लिक्सवरून जगभर पोचलेला चेहरा परत आणता येत नाही.

उलट, काळ लोटल्यावरही नातं कसं निभावता येतं, हे 'जय भीम कॉम्रेड'मध्ये (२०११) दिसतं. शाहीर विलास घोगरे 'हमारा शहर'मध्ये गायले होते. जुलै १९९७मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले आणि त्या धक्क्याने घोगऱ्यांनी आत्महत्या केली. तिथून पुढची चौदा वर्षं पटवर्धन चित्रीकरण करत राहिले. फिल्म झाल्यावर ती भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, ज्यांची गोष्ट त्यांच्यासमोर दाखवली गेली. फिल्ममधल्या कबीर कला मंचाच्या कलावंतांवर नक्षलवादाचे आरोप झाले, तेव्हा त्यांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या समितीत पटवर्धन होते. एप्रिल २०१३मध्ये मंचाचे शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर स्वतःहून पोलिसांच्या हवाली झाले, त्या दिवशीही ते सोबत होते.

पैशाबद्दल मात्र आपल्याकडे कुणी मोकळं बोलत नाही. 'द एलिफंट व्हिस्परर्स'ला २०२३मध्ये ऑस्कर मिळालं आणि काही महिन्यांत फिल्ममधल्या बोम्मन आणि बेल्ली या हत्ती सांभाळणाऱ्या जोडप्याच्या वतीने दोन कोटींच्या मागणीची नोटीस गेल्याच्या बातम्या आल्या. निर्मात्यांनी आरोप नाकारले, पुढे बोम्मननीही माघार घेतली. पैसे दिले की साक्ष बाटते, हा माहितीपटवाल्यांचा जुना युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण तो फार तर चित्रीकरण चालू असेपर्यंत लागू पडतो. अमेरिकेत 'हूप ड्रीम्स'च्या (१९९४) निर्मात्यांनी नंतरच्या कमाईत फिल्ममधल्या दोन मुलांच्या कुटुंबांना वाटा दिला. त्याने फिल्मचं खरेपण कमी झालं नाही. आपल्या माहितीपटांच्या अंदाजपत्रकातही रंगसंस्कार आणि सबटायटल्सच्या शेजारी एक ओळ फिल्ममधल्या माणसांच्या वकिलाची, औषधपाण्याची आणि कमाईतल्या वाट्याची हवी. आणि संकलन पक्कं करण्याआधी फिल्म त्यांना त्यांच्याच भाषेत दाखवून दुसरी सही मागायला हवी, ती नाकारण्याच्या मुभेसकट.