पुन्हा एकदा 'अंक १' : अमेरिकी सुपरहिरो चित्रकथांचे पुनरारंभ आणि वाचकाची स्मृती

प्रस्तावना :

सुपरमॅन हा नायक १९३८ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकातून अमेरिकी वाचकांसमोर आला. पुढच्याच वर्षी 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकातून बॅटमॅन अवतरला. या दोन्ही नियतकालिकांचा अंकक्रम सात दशकांहून अधिक काळ अखंड राहिला. २०११ मध्ये अनुक्रमे ९०४ व ८८१ या अंकांनंतर 'डीसी' या प्रकाशनसंस्थेने तो थांबविला आणि 'न्यू ५२' या नावाखाली एकंदर ५२ मालिका 'अंक १' पासून सुरू केल्या. या घटनेने वाचकवर्गात उमटलेली नाराजी तेवढ्यापुरती नव्हती. वारंवार होणाऱ्या पुनरारंभांविषयीचा असंतोष हा आता या वाङ्मयप्रकाराच्या इतिहासाचाच एक भाग झाला आहे. 'चाहत्यांना बदल सोसत नाही' एवढेच म्हणून तो बाजूला सारला जातो. प्रस्तुत लेखात या असंतोषाकडे वाङ्मयीन प्रश्न म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

पुनरारंभाचे दोन प्रकार :

विवेचनाच्या सोयीसाठी पुनरारंभाचे दोन प्रकार मानता येतील. पहिला केवळ अंकक्रमाचा. कथा पुढे चालू राहते, मुखपृष्ठावरील आकडा मात्र एकवर येतो. 'मार्व्हल'ची 'द अमेझिंग स्पायडर-मॅन' ही मालिका १९६३ मध्ये सुरू झाली. तिचा 'अंक १' त्यानंतर १९९९, २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ असा सहा वेळा निघाला. पहिल्या पुनरारंभास ३६ वर्षे लागली. शेवटचे पाच अवघ्या अकरा वर्षांत झाले.

दुसरा प्रकार कथाविश्वाचा. येथे घडलेल्या घटनाच 'घडल्या नाहीत' असे ठरविले जाते. मार्व्ह वुल्फमन व जॉर्ज पेरेझ यांची 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' (१९८५-८६) ही बारा अंकांची मालिका आणि २०११ चा 'न्यू ५२' ही त्याची ठळक उदाहरणे होत. अंकक्रम न बदलताही हे घडू शकते. १९८७ मध्ये झालेला पीटर पार्कर आणि मेरी जेन यांचा विवाह २००७ च्या 'वन मोअर डे' या कथेत सैतानाशी केलेल्या सौद्याने पुसून टाकण्यात आला. पहिला प्रकार वाचकाला त्रासदायक वाटतो, दुसरा जिव्हारी लागतो.

अर्थकारण :

अमेरिकेत चित्रकथांची खास दुकाने अंक मागवतात ती बहुतांशी न विकलेल्या प्रती परत न करण्याच्या अटीवर. त्यामुळे नुकसानीची जोखीम दुकानदारावर पडते. पहिला अंक संग्राह्य मानला जातो, नव्या वाचकाला तेथून प्रवेश सोपा वाटतो, शिवाय वेगवेगळ्या मुखपृष्ठांच्या आवृत्त्या काढता येतात. म्हणून त्याची मागणी फुगते. पुढील अंकांपासून ती उतरू लागते. १९९१ च्या 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती खपल्या, परंतु संग्रहमूल्याच्या आशेवर उभा राहिलेला तो फुगा लवकरच फुटला आणि १९९६ मध्ये 'मार्व्हल'ला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तरीही घसरत्या मागणीवरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणून 'अंक १' टिकून राहिला.

विशेष असे की, प्रकाशक जुना आकडा खरोखर विसरत नाहीत. 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा ५०० वा अंक जवळ येताच २००३ मध्ये जुना क्रम परतला. २०१६ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स' थेट ९५७ वर गेले. मधले ५२ अंक जुन्या हिशेबात मिळविले गेले आणि २०१८ मध्ये हजारावा अंक समारंभपूर्वक प्रसिद्ध झाला. विकली जाते तेव्हा स्मृती ग्राह्य, अडचण होते तेव्हा त्याज्य, असा हा व्यवहार आहे. वाचकाच्या चिडीचे एक मूळ या विसंगतीत आहे.

स्मृती : वाचकाचा वाटा

उंबेर्तो एको यांनी १९६२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात सुपरमॅनची मूलभूत अडचण दाखवून दिली होती. नायकाची प्रत्येक अपरिवर्तनीय कृती त्याला मृत्यूच्या एक पाऊल जवळ नेते. बाजाराला मात्र तो अक्षय हवा असतो. म्हणून त्याच्या कथा स्वप्नासारख्या धूसर काळात घडत राहतात. एकोंचे हे निरीक्षण तत्कालीन सुपरमॅनपुरते अचूक होते. परंतु त्याच दशकात 'मार्व्हल'च्या कथांनी वेगळी वाट धरली. पीटर पार्कर शाळेतून महाविद्यालयात गेला, १९७३ मध्ये त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी मरण पावली. वाचकांच्या पत्रांच्या सदरातून जुन्या अंकांतील विसंगती शोधणाऱ्यांचे कौतुक होऊ लागले. लक्षात ठेवणे हे वाचकाचे कामच झाले. अनेक लेखक बदलत असताना कथेचे सातत्य राखणारा एकमेव घटक वाचकच होता. पुनरारंभ हा वाचकाने दिलेला हा वाटा परस्पर रद्द करतो, हे या असंतोषाचे खरे कारण होय.

त्याची झळ किती खोल असते हे बार्बरा गॉर्डनच्या उदाहरणावरून दिसते. १९८८ च्या 'द किलिंग जोक'मध्ये गोळी लागून ती अपंग झाली. पुढे चाकाच्या खुर्चीतून काम करणारी 'ऑरॅकल' म्हणून तिने स्वतःच्या बुद्धीवर स्थान मिळविले. २०११ मध्ये ती पुन्हा चालती 'बॅटगर्ल' झाली. अपंगत्वासह जगणाऱ्या अनेक वाचकांना आपली नायिका हिरावली गेल्याचे दुःख झाले. या दुःखाला हट्ट म्हणता येणार नाही.

प्रकाशकाची कबुली :

या संदर्भात जेफ जॉन्स यांनी लिहिलेला 'डीसी युनिव्हर्स : रिबर्थ' (२०१६) हा विशेषांक महत्त्वाचा ठरतो. सुमारे दोन दशके 'फ्लॅश' म्हणून वावरलेला वॉली वेस्ट 'न्यू ५२'मध्ये नाहीसा झाला होता. या अंकात तो काळाच्या बाहेर अडकला आहे आणि कोणी ओळखले तरच परतू शकणार आहे. पत्नी लिंडादेखील त्याला ओळखत नाही. अखेर निरोप घेण्यासाठी तो बॅरी ॲलनकडे जातो आणि बॅरीला त्याचे नाव आठवते. या जगातील दहा वर्षे कोणीतरी चोरली आहेत, असे ही कथा सांगते. वाचकाची तक्रारच येथे कथावस्तू झाली आहे. मात्र चोर कथेबाहेरचा असूनही आरोप कथेतील एका पात्रावर ठेवला जातो. त्यामुळे अंक हृद्य असला तरी ही कबुली अर्धीच राहते.

दुसरी बाजू :

येथे दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. १९८५-८६ च्या पुनरारंभाविना जॉन बर्न यांचा सुपरमॅन किंवा जॉर्ज पेरेझ यांची 'वंडर वुमन' घडली नसती. सातत्याचा अतिरेकी आग्रह नवागताला दाराबाहेर ठेवतो, हेही खरे. तथापि त्या वेळी ॲलन मूर व कर्ट स्वान यांनी जुन्या सुपरमॅनला दोन अंकांची स्वतंत्र निरोपकथा दिली होती. शेवट आधी झाला, आरंभ नंतर. अलीकडील बहुतेक पुनरारंभांत हा शेवटच गाळला जातो.

काळाशी प्रामाणिक राहूनही नायक टिकू शकतो, याचे उदाहरण मराठी वाचकाला 'इंद्रजाल कॉमिक्स'मुळे परिचित आहे. ली फॉक यांचा 'फँटम' (१९३६), म्हणजेच आपला वेताळ, अमर मानला जातो. प्रत्यक्षात तो एकविसावा वारस आहे. बाप मरतो, मुलगा मुखवटा चढवतो आणि कवटीच्या आकाराच्या गुहेत पूर्वजांच्या नोंदवह्या जपल्या जातात. १९७७ मध्ये त्याचा विवाह झाला, पुढे जुळी मुले झाली. तरीही मालिका थांबली नाही. येथे मृत्यू मान्य असल्यामुळे स्मृती पुसावी लागत नाही.

निष्कर्ष :

१) वाचकांचा रोष बदलावर नसून, त्यांनी जपलेली स्मृती परस्पर रद्द होण्यावर आहे.
२) पुनरारंभाची वारंवारता प्रामुख्याने विक्रीव्यवस्थेतून येते, वाङ्मयीन गरज तिथे बहुधा दुय्यम असते.
३) वारंवार वापरल्याने 'अंक १' या आकड्याचा अर्थच क्षीण होतो.
४) जुन्या कथेला रीतसर शेवट देणारा पुनरारंभ वाचक स्वीकारू शकतो.

ज्या कथेत काहीच कायमचे घडत नाही, तिच्यातील त्याग आणि मृत्यू यांचे मोलही ओसरते. पुढील पुनरारंभात हे सारे पुसले जाणार, हे ठाऊक असलेला वाचक ग्वेनसाठी रडणार नाही. प्रकाशक 'अंक १'साठी मोजत असलेली खरी किंमत ही आहे. आणि ती विक्रीच्या कोणत्याही तक्त्यात नोंदली जात नाही.