‘विनासायास’ : एका शब्दाची चिकित्सा

मराठी आरोग्यविषयक लेखनात व व्याख्यानांत एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ज्या शब्दाने लोकमनाचा ठाव घेतला, तो ‘विनासायास’ हा होय. डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांच्या व्याख्यानांतील आहारविचार पुढे नेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ‘विनासायास वेटलॉस व मधुमेह प्रतिबंध’ ही मोहीम महाराष्ट्रभर पोहोचविली. दिवसातून दोनच वेळा, भूक लागेल तेव्हा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवावे व रोज ४५ मिनिटे चालावे, हे तिचे सूत्र. ते इतके आटोपशीर आहे की एकदा ऐकणाराही ते घरी घेऊन जातो. लोकशिक्षणाच्या दृष्टीने हा गुण लहान नव्हे.

तथापि वजन उतरविणे आणि उतरलेले वजन टिकविणे या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि शीर्षकातील शब्द केवळ पहिलीविषयी बोलतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन संशोधनात, दहा आठवड्यांच्या अत्यल्प आहाराने वजन घटविलेल्या व्यक्तींची वर्षभराने पुन्हा तपासणी झाली. भूक चेतविणाऱ्या व शमविणाऱ्या संप्रेरकांचे पालटलेले प्रमाण तेव्हाही पूर्ववत झालेले नव्हते, आणि भुकेची जाणीवही चढीच होती. सारांश, गमावलेले वजन शरीर सहजी विसरत नाही. अशा स्थितीत ते पुन्हा वाढले, तर त्यास मनाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे ठरते. पण जे विनासायास साधते असे सांगितले, ते ज्यास साधले नाही, त्याच्या पदरी लज्जेवाचून दुसरे काय उरते?

मग टिकविण्याचे साधन कोणते? २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी १९ किलो वजन घटविलेल्या ३१४ व्यक्तींचे तीन गट करण्यात आले. त्यांपैकी एकास केवळ वार्तापत्र मिळे. दुसऱ्यास इंटरनेटद्वारे व तिसऱ्यास प्रत्यक्ष बैठकींतून मार्गदर्शन लाभे. रोज वजन पाहावे, ते ठराविक मर्यादेपलीकडे जाताच उपाय योजावा, अशी शिकवण या दोन्ही गटांना होती. अठरा महिन्यांत २.३ किलो वा त्याहून अधिक वजन परत मिळविणारे पहिल्या गटात ७२.४ टक्के, दुसऱ्यात ५४.८ टक्के व तिसऱ्यात ४५.७ टक्के निघाले. संगतीचा उपयोग येथे स्पष्ट दिसतो. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. कारण उत्तम गटातही जवळजवळ निम्म्यांचे वजन वाढलेच.

दीक्षितांच्या मोहिमेतही व्हॉट्सअॅपवरील समूह व विनामूल्य मार्गदर्शन केंद्रे आहेत. म्हणजे शीर्षक एक सांगते आणि व्यवहार दुसरेच सांगतो. सायास संपलेले नाहीत; ते अनेकांत वाटले गेले आहेत, इतकेच. या मोहिमेचे खरे बळ या वाटणीत आहे, आणि तिचे नाव नेमके तेच झाकून ठेवते.

ही वाटणी सोलापूर जिल्ह्यास अपरिचित नाही. ज्या पंढरपुरास वारी येते ते याच जिल्ह्यात आहे. वारकरी संप्रदायही आपला मार्ग सुलभ मानतो. परंतु गळ्यातील माळ, पंधरवड्याची एकादशी व नेमाची वारी यांवाचून ती सुलभता उभी राहत नाही. वारकरी एकटा चालत नाही, दिंडीत चालतो. आळंदीहून निघणाऱ्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावताच टाळ थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीत राहते, आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. अडचण उघडपणे सांगण्याची जागा येथे रचनेतच राखून ठेवलेली आहे. वजन टिकविण्याच्या कोणत्याही उपक्रमाची हीच कसोटी ठरावी. यशाचे आकडे सांगणाऱ्यास सर्वत्र टाळ्या मिळतात; परंतु दोन किलो वाढलेल्या सभासदास बोलण्यास जागा आहे काय?

हे साम्य फार ताणू नये. वारीचे प्रयोजन पारमार्थिक आहे. वजन कमी असणे हे पुण्य नव्हे आणि अधिक असणे हे पापही नव्हे. शिवाय ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीने समाजाने आपल्याच व्रताची थट्टा केली आहे. त्या थट्टेतील मर्म असे की, एका दिवसाचा संयम दुसऱ्या दिवसाची हमी देत नाही.

म्हणून ‘विनासायास’ हा शब्द आरंभापुरता क्षम्य मानावा. मनुष्य दाराशी यावा एवढे काम तो करतो. पुढील वर्षांकरिता मात्र त्याहून प्रामाणिक शब्द हवा : सायास लागतील, दीर्घकाळ लागतील, परंतु ते एकट्याने करावे लागणार नाहीत. लोकांना एवढे सांगणारे आरोग्यलेखन कदाचित कमी लोकप्रिय होईल. परंतु ज्याचे वजन पुन्हा वाढले, तोही ते मान खाली न घालता वाचू शकेल.