आधी पाहणं, मग फोटो

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरलो की आपण मोबाइल वर धरतो आणि घुमट टिपतो. जॉर्ज विटेट यांनी तो विजापूरच्या गोल घुमटावरून बेतला. संग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलं. पण घुमट म्हणजे नुसता आकार नव्हे, बरं का. मान वर करून चार पावलं चालावं, तेव्हा कुठे त्याची उंची आपल्या अंगाला कळते. फोटोत नुसतं वर्तुळ येतं. मूर्तीचंही तेच: आपण बाजूला सरकलो की तिचा चेहरा बदलतो. ‘घरी जाऊन नीट पाहू’ म्हणत आपण पाहणंच पुढे ढकलतो. फोटो आठवण जागवतो, मान्य. पण जे पाहिलंच नाही, त्याची आठवण कसली? बंदी नकोच. मोबाइल खिशात ठेवून आधी एक फेरी मारू, फोटो दुसऱ्या फेरीत काढू.