दुसरा संशय : मराठीतील धर्मशोधपर आत्मकथनांचा विचार

धर्मांतराची अथवा मतांतराची हकीकत सांगणाऱ्या मराठी ग्रंथांची चर्चा होते, तेव्हा तिचा भर बहुधा एकाच प्रश्नावर असतो : लेखकाने पूर्वीची श्रद्धा का सोडली? हा प्रश्न अप्रस्तुत नव्हे. परंतु वाङ्मयविचाराच्या दृष्टीने तो अपुरा आहे. जन्माने मिळालेली श्रद्धा चुकीची असू शकेल, हे मान्य करण्यास धैर्य लागते यात शंका नाही. तथापि, असे मान्य करणाऱ्या मनुष्यापुढे पुष्कळदा दुसरी श्रद्धा आधीच उभी असते. एका काठावरचा पाय तो उचलतो, तो दुसऱ्या काठाच्या भरवशावर. खरी कसोटी पुढेच आहे. ज्या निकषावर जुनी श्रद्धा खोटी ठरली, तोच निकष नव्या श्रद्धेला लावून पाहण्याची लेखकाची तयारी आहे काय? या तयारीस 'दुसरा संशय' असे नाव देता येईल. मराठीतील धर्मशोधपर आत्मकथनांचे मूल्यमापन पहिल्या संशयावरून न करता या दुसऱ्या संशयावरून करावे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

या प्रश्नाला भाषेचे एक अंग आहे. मराठीत श्रद्धेसंबंधीची क्रियापदे दोन गटांत पडतात. 'मी मानतो', 'मी श्रद्धा ठेवतो' या रचनांत मनुष्य प्रथमेत असतो. श्रद्धा ही त्याची कृती असते. उलट 'मला वाटते', 'मला पटते', 'माझा विश्वास बसला' या रचनांत तो चतुर्थीत किंवा षष्ठीत सरकतो आणि श्रद्धा त्याच्या बाबतीत घडणारी घटना होते. श्रद्धा गेल्याचे सांगताना तर मराठी जवळजवळ नेहमी दुसरी रचना स्वीकारते. विश्वास बसतो तसा तो उडतो. एखादा पक्षी फांदीवरून उडावा तसा. ठेवणारा असतो, पण उडाल्यावर कोणी उडविला हे सांगण्याची गरज भाषेला वाटत नाही. 'धर्म सोडला' असे म्हणता येते हे खरे; परंतु तेथे सोडली जाते ती मुख्यतः बाह्य व्यवस्था. 'मी चुकलो' आणि 'माझे चुकले' या दोन वाक्यांतील अंतरही याच जातीचे आहे. पहिल्यात कबुली आहे. दुसऱ्यात चूक जणू स्वतंत्रपणे घडून गेली आहे.

व्युत्पत्तीने या विचारास पुष्टी मिळते. 'श्रद्धा' शब्दातील 'श्रत्' आणि 'धा' यांचा संबंध लॅटिनमधील 'क्रेदो' या क्रियापदाशी आहे, हे तौलनिक भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे. 'हृदय ठेवणे' हा त्याचा मूळ अर्थ होय, असे अनेक विद्वान मानतात. जे ठेवलेले आहे ते उचलून तपासता येते. परंतु 'श्रद्धा बसली' म्हणताच ती बैठक कायमची वाटू लागते. धर्मशोधाचे आत्मकथन लिहिणाऱ्यापुढील अडचण हीच आहे. श्रद्धेचे जाणे ही आपल्यावर ओढवलेली घटना न मानता ती आपण जाणून केलेली कृती म्हणून त्याला सांगावी लागते, आणि त्या कृतीची जबाबदारी पत्करावी लागते.

पहिले उदाहरण बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्राचे. 'यमुनापर्यटन' (१८५७) या कथाग्रंथामुळे पदमनजींचे स्थान मराठी वाङ्मयाच्या इतिहासात निश्चित आहे. त्यांचा बाप्तिस्मा बेळगावी १८५४ मध्ये झाला. तत्पूर्वीच्या आयुष्यातील व्रते, पूजा, कुळाचार यांचे त्यांनी केलेले वर्णन आजही अभ्यासकास उपयोगी आहे. परंतु ग्रंथाच्या नावातच त्याची मर्यादा आहे. अरुणोदय झाल्यावर जे मागे राहिले ती रात्रच ठरते. पूर्वायुष्यातील प्रत्येक शंका ही येणाऱ्या उजेडाची खूण म्हणून सांगितली जाते. ती शंका दुसरीकडे नेऊ शकली असती, किंवा कोठेच नेऊ शकली नसती, अशी शक्यता निवेदनात उरत नाही. येथे संशय आहे, पण तो अंत ठाऊक असलेला संशय आहे. लेखकाचा प्रामाणिकपणा निर्विवाद असला, तरी निकष एकाच दिशेने चालतो.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. इंग्लंडमधील वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सामान्य आत्मकथन येथे संपले असते. रमाबाईंचा वाद येथे सुरू झाला. चेल्टनहॅम येथे शिकत असताना वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन आणि महाविद्यालयाच्या प्रमुख डॉरोथिया बील यांच्याशी त्यांनी केलेला पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. त्यात ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चच्या अधिकाऱ्यांची आज्ञा पाळण्याचे बंधन, या सर्वांवर त्या प्रश्न विचारतात. क्रुसावरील कोरीव अक्षरांसाठी लॅटिन ही संस्कृतपेक्षा अधिक पवित्र का मानावी, हाही त्यांचा एक प्रश्न आहे. वरवर तो अभिमानाचा वाटेल. वस्तुतः तो निकषाचा आहे. एका देवभाषेचे सोवळे ज्या तर्काने नाकारले, त्याच तर्काने दुसरीचेही नाकारले पाहिजे, इतकेच त्यांचे म्हणणे आहे. पुढे बायबलचे मराठी भाषांतर करताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळाकडे धाव घेतली आणि बोजड संस्कृत शब्द टाळून साधी मराठी वापरली, त्यामागेही हीच वृत्ती दिसते. दुसऱ्याने दिलेले जसेच्या तसे न घेता ते स्वतः उघडून पाहावयाचे.

असे असूनही १९०७ मधील त्यांची 'साक्ष' वाचताना निराशा होते. तेथे पत्रांतील प्रश्नकर्ती रमाबाई मागे पडते. पूर्वी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र नंतर मिळाला, असा भेद त्या करतात. त्यामुळे इंग्लंडमधील सारा वाद अपुऱ्या ज्ञानाची अवस्था ठरतो. भक्ताच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. समीक्षकाने मात्र स्पष्ट म्हटले पाहिजे की, पत्रे ही साक्षीपेक्षा श्रेष्ठ लेखन आहे. कारण पत्रे लिहिणारीला आपण कोठे पोहोचणार हे ठाऊक नव्हते.

या वैयक्तिक शोधाचे सामाजिक पडसाद पुण्याच्या भूगोलावर उमटलेले आहेत. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत काढलेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास आले. तेथील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्याने १८९३ मध्ये वादळ उठले. सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर आदींनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. त्याच वर्षी सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. कर्व्यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर गेला. आज ते हिंगणे कर्वेनगर म्हणून ओळखले जाते आणि शेजारच्या कोथरूडमध्ये कर्व्यांचा पुतळा हीच चौकाची खूण झाली आहे. म्हातोबाच्या टेकडीखालचे जुने गाव आणि शिक्षणसंस्थांनी वेढलेले नवे उपनगर येथे एकमेकांना लागून आहेत.

विधवांच्या शिक्षणाची ही थोर कामगिरी कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तिच्या पार्श्वभूमीवर एक गोष्ट नोंदविली पाहिजे. शारदा सदनाच्या वादात 'मुलींना काय पटले?' हा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नाही. एका पक्षास त्या वाचवावयाच्या होत्या. दुसऱ्या पक्षासही, निराळ्या अर्थाने, त्या वाचवावयाच्याच होत्या. आपल्या श्रद्धेविषयी स्वतः विचार करून चुकण्याचा अधिकार त्या मुलींना आहे, ही कल्पना दोन्ही पक्षांना अवघड गेली. समाजाने त्यावर उपाय शोधला तो असा की, हा प्रश्नच जेथे उद्भवणार नाही अशा निराळ्या जागी मुलींना शिकवावे. कोथरूडच्या वाटेवरील आश्रमाच्या इतिहासात स्त्रीशिक्षणाच्या गौरवाबरोबर ही भीतीही वाचता आली पाहिजे.

दुसऱ्या संशयाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचे आहे. गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या कोसंबींना बुद्धाची ओळख झाली ती 'बालबोधमेवा' या मिशनच्या मुलांच्या मासिकातून. बुद्धाचा धर्म जाणून घेण्यासाठी १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असा प्रवास करीत १९०२ मध्ये ते नेपाळास पोहोचले. 'निवेदन' (१९२४) या आत्मकथनातील नेपाळचा भाग या दृष्टीने मुद्दाम वाचावा. ज्या भूमीत बौद्ध धर्म जिवंत आहे असे समजून त्यांनी हालअपेष्टा सोसल्या, तेथे प्रत्यक्षात त्यांना जे दिसले त्याने घोर निराशा झाली. शोधाचा हेतूच फसला होता. लेखक ही निराशा झाकीत नाही आणि तिला पुढील यशाची पायरीही बनवीत नाही. तो परत फिरतो, बुद्धगयेस जातो आणि तेथून सिंहलद्वीपाची वाट धरतो. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे पाली शिकण्याची सोय झाली, ती त्यानंतर. निवेदनाची शैली येथे कोरडी वाटेल इतकी साधी आहे. आणि त्या कोरडेपणातच तिचे बळ आहे. जे घडले ते त्या क्षणी जेवढे कळले होते तेवढेच सांगितले जाते.

पुढे विद्वान म्हणून मान्यता पावल्यावरही, आणि फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ ते १९१८ पालीचे अध्यापन केल्यावरही, ही सवय सुटली नाही. 'भगवान बुद्ध' या ग्रंथात त्यांनी बुद्धाच्या गृहत्यागाची लोकप्रिय कथा नाकारली. म्हातारा, रोगी, प्रेत व संन्यासी पाहून राजपुत्र मध्यरात्री निघून गेला, ही हकीकत प्राचीन पाली सुत्तांतील आत्मकथनपर उल्लेखांशी जुळत नाही. तेथे आईवडील रडत असताना त्यांच्या देखत गृहत्याग केल्याचे सांगितले आहे. कोसंबींनी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा कलह कारण म्हणून पुढे मांडला. प्राचीन श्रमणांच्या मांसाहाराविषयी त्यांनी जे लिहिले, त्यावर तीव्र रोष झाला. आपल्या आदरस्थानाविषयी अनुयायांना न आवडणारे लिहिण्याची त्यांना आवश्यकता नव्हती. निकष मात्र ते मागत होता. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बुद्धविषयक ग्रंथातही चार दृश्यांची कथा अग्राह्य मानून पाण्याच्या कलहास महत्त्व दिलेले आढळते. संशय हा श्रद्धेच्या नव्या मांडणीचा पाया होऊ शकतो, हे यावरून दिसून येईल.

यावर एक आक्षेप संभवतो. सतत संशय बाळगून धर्म आचरता येईल काय? गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयात्म्याचा विनाश सांगितला आहे. बौद्ध परंपरेतही विचिकित्सा हे चित्ताचे एक आवरण मानले आहे. परंतु त्याच बौद्ध परंपरेत, परस्परविरोधी उपदेश ऐकून गोंधळलेल्या कालामांना त्यांची शंका योग्यच असल्याचे बुद्ध सांगतात. येथे भेद आहे तो पाय अडविणारी शंका आणि पाऊल तपासून टाकणारी शंका यांत. कोसंबींची शंका दुसऱ्या प्रकारची होती. कथा खोटी ठरली म्हणून त्यांनी शील सोडले नाही. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला, तोही पार्श्वनाथांच्या परंपरेविषयीच्या आदरातून. बौद्ध विद्वानाने शेवटी आणखी एका परंपरेपासून शिकण्यास कमीपणा मानला नाही.

तथापि, 'निवेदना'ची मर्यादाही सांगितली पाहिजे. घर सोडताना पत्नी आणि तान्ही मुलगी मागे राहिली होती. लेखकाला याची बोच आहे, पण मागे राहिलेलीचा आवाज ग्रंथात नाही. एकाच्या संशयाची किंमत दुसऱ्याने भरावयाची, हा या सर्व वाङ्मयातील अनुच्चारित भाग आहे. तो उच्चारला गेला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यापुढे सिद्धान्त होता. लक्ष्मीबाईंपुढे माहेर, मुलगा आणि अन्नपाण्याचा विटाळ होता. पुढे त्यांचा स्वतःचा विचार बदलला तो धर्मग्रंथांच्या तुलनेतून नव्हे, तर जातिभेद देवाने केला की माणसाने, या एका रोकड्या प्रश्नातून. पती गेला म्हणून त्या गेल्या नाहीत, पटेपर्यंत थांबल्या. या थांबण्यातच 'मला पटले' या चतुर्थीतील रचनेचा खरा मान आहे. पटणे ही घडणारी गोष्ट आहे हे खरे, परंतु ती घडेपर्यंत न मानण्याचा निर्धार ही कृती आहे, आणि तिचा कर्ता प्रथमेत असतो.

म्हणून धर्मशोधाच्या ग्रंथांकडे या किंवा त्या धर्माच्या विजयाची नोंद म्हणून पाहणे अभ्यासकाने सोडले पाहिजे. अशा वाचनात वाचकाचा स्वतःचा पक्ष आधीच ठरलेला असतो आणि ग्रंथ केवळ साक्षीदार होतो. रमाबाईंची पत्रे, कोसंबींचे नेपाळ आणि लक्ष्मीबाईंचे थांबणे यांत एक गोष्ट समान आहे. आपण चुकत असू, हे वाक्य तेथे भूतकाळात नाही; ते वर्तमानकाळात आहे. मराठी गद्यात हे वाक्य दुर्मीळ आहे, आणि ज्यांनी ते लिहिले त्यांनी त्याची किंमत मोजलेली आहे.