यंत्रानंतरचे बुद्धिबळ

माणूस विरुद्ध यंत्र या लढतीचा शेवट १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये झाला, असे सगळे सांगतात. माझ्या मते तो झाला २००६ च्या अखेरीस, जर्मनीतल्या बॉनमध्ये. तेव्हाचा जगज्जेता व्लादिमीर क्रामनिक डीप फ्रिट्झ या प्रोग्रॅमशी सहा डाव खेळत होता. दुसऱ्या डावात काळी मोहरी त्याच्याकडे होती, बरोबरी हातात होती, आणि त्याला एका खेळीत होणारी मात दिसली नाही. त्याने वजीर ई३ वर नेला, यंत्राने आपला वजीर एच७ वर ठेवला, डाव संपला. शाळेच्या स्पर्धेतल्या पोराने अशी मात खाल्ली तर घरी जाईपर्यंत बोलणी खावी लागतात. सामना ४-२ असा यंत्राने जिंकला. त्यानंतर कुठल्याही जगज्जेत्याने बरोबरीच्या अटींवर यंत्राशी असा मोठा सामना खेळलेला नाही.

न्यूयॉर्कला निकालापेक्षा नाट्य मोठे होते. १९९६ मध्ये फिलाडेल्फियात तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्हने आयबीएमच्या डीप ब्लू या यंत्राला ४-२ असे हरवले होते. पुढच्या वर्षी सुधारलेले यंत्र सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासत होते आणि ते साडेतीन-अडीच असे जिंकले. पण दुसऱ्या डावात कास्पारोव्हने शरणागती पत्करली ती अशा स्थितीत, जिथे सततचा शह देऊन बरोबरी साधता आली असती. सहाव्या डावात तो १९ खेळ्यांत कोसळला, आणि त्याला मोडणारा घोड्याचा बळी यंत्राला पटावर सुचलेलाच नव्हता. तो त्याच्या ओपनिंगच्या संग्रहात आधीच भरून ठेवलेला होता. आयबीएमने परतीचा सामना दिला नाही, यंत्र मोडीत निघाले. शास्त्रीय पुरावा म्हणून ही लढत कच्चीच आहे. बॉनच्या निकालाबद्दल मात्र कोणी शंका काढली नाही, आणि म्हणूनच तो कोणाच्या लक्षात राहिला नाही.

पुढची दोन दशके या खेळाचे नेमके झाले काय? ‘यंत्राने बुद्धिबळ संपवले’ ही रड तेव्हा घरोघर ऐकू येत होती. ती खोटी ठरली. खेळणारे सावरले, किंबहुना सुधारले. बिघडले ते खेळ पाहणारे, आणि त्याहून जास्त खेळावर बोलणारे नि लिहिणारे.

आधी यंत्रांची स्थिती पाहू. क्लॉड शॅनन यांनी १९५० च्या निबंधात बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राचे दोन मार्ग मांडले होते: सगळ्या खेळ्या ठरावीक खोलीपर्यंत तपासायच्या, किंवा मोजक्याच, पण निवडून. १९७० च्या दशकापासून पहिल्या मार्गाचीच चलती राहिली. २०१७ च्या डिसेंबरात लंडनच्या डीपमाइंडने अल्फाझीरो आणले. त्याला फक्त नियम दिले होते. माणसाचा एकही डाव दाखवला नव्हता. स्वतःशीच खेळून ते चार तासांत स्टॉकफिश या तेव्हाच्या अव्वल प्रोग्रॅमच्या पुढे गेले आणि शंभर डावांत २८ जिंकून ७२ बरोबरीत सोडवले, हरले एकही नाही. स्टॉकफिशला दिलेल्या अटी अन्यायाच्या होत्या, अशी तक्रार झाली, ती रास्तही होती. पण पुढच्या वर्षी जाहीर झालेल्या हजार डावांच्या सामन्यात १५५ विजय आणि ६ पराभव असा हिशेब आला, तेव्हा तक्रार विरली. स्टॉकफिशने मग शत्रूचीच विद्या उचलली. २०२० मध्ये त्यात जे न्यूरल नेटवर्क बसवले, ते यू नासू यांनी दोन वर्षांपूर्वी जपानी शोगीच्या प्रोग्रॅमसाठी रचलेल्या पद्धतीचे होते. आज स्टॉकफिशचे रेटिंग ३६०० च्या पुढे धरतात. माणसांमध्ये मॅग्नस कार्लसनने गाठलेला सर्वोच्च आकडा २८८२. हे दोन गट वेगळे, मोजमाप वेगळे. तरी अंतर केवढे आहे ते कळायला तेवढे पुरे.

‘गो’ची गोष्ट याहून नाट्यमय, आणि मला ती जास्त बोलकी वाटते. १९ बाय १९ रेघांचा पट, ३६१ छेदबिंदू, आणि मोहऱ्यांना किंमत नाही. सगळे दगड सारखे. त्यामुळे मोजदाद करून हा खेळ जिंकता येणार नाही, अशी चीन-जपान-कोरियात ठाम समजूत होती. मार्च २०१६ मध्ये सोलला डीपमाइंडच्याच अल्फागोने कोरियाच्या ली सेडॉलला ४-१ असे हरवले. दुसऱ्या डावात यंत्राची ३७ वी खेळी पाचव्या ओळीवर पडली, जिथे त्या टप्प्याला कोणी दगड ठेवत नसे. समालोचकांना आधी ती चूक वाटली. माणूस ही खेळी करण्याची शक्यता यंत्राने स्वतःच दहा हजारांत एक धरली होती. चौथ्या डावात लीने ७८ वी खेळी अशी काढली की यंत्र भरकटले. तिचीही शक्यता यंत्राच्या लेखी तेवढीच होती. मानवजातीचा त्या मालिकेतला तो एकमेव विजय. तीन वर्षांनी ली निवृत्त झाला; कितीही मेहनत केली तरी हरवता न येणारे काहीतरी जगात आहे, असे त्याचे म्हणणे होते.

पण याच यंत्रांना एक भोक निघाले. २०२३ मध्ये केलिन पेलरिन या अमेरिकी हौशी खेळाडूने एका अव्वल दर्जाच्या गो-प्रोग्रॅमला १५ पैकी १४ डावांत हरवले. युक्ती त्याची नव्हती. यंत्रातले दोष हुडकायला बनवलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमने ती शोधली होती. यंत्राच्या दगडांना मोठ्या वळशाने घेरत जायचे आणि मधूनमधून दुसऱ्या कोपऱ्यात काहीबाही खेळून त्याला गुंतवायचे. वेढा पडत आलाय हे नवशिक्यालाही दिसते. या यंत्राला शेवटपर्यंत दिसत नाही. इतर ठिकाणी ते जगज्जेत्याला लोळवते. ‘यंत्राला खेळ समजतो’ असे म्हणणाऱ्यांनी या १४ डावांकडे जरूर पाहावे. जाता जाता: सगळ्या विषयांवर गप्पा मारणारी भाषिक मॉडेल्स ऑगस्ट २०२५ मध्ये बुद्धिबळाच्या पटावर एकमेकांसमोर बसवली गेली. फुकट मोहरी देणे चालू होते. करमणूक झाली, खेळ नाही.

खेळाडूंनी यंत्राकडून काय घेतले? घेतले, आणि भरपूर घेतले. गोमध्ये डावाच्या सुरुवातीलाच कोपऱ्यात तिसऱ्या-तिसऱ्या रेघेवर घुसणे ही पूर्वी गावठी खेळी समजली जाई. आता व्यावसायिकांच्या डावांत ती रोजची झाली आहे. बुद्धिबळात राजाच्या बाजूचे कडेचे प्यादे पुढे पुढे दामटण्याची अल्फाझीरोची खोड पाहता पाहता कार्लसनसह सगळ्यांच्या खेळात शिरली. १९५० ते २०२१ या काळातल्या गोच्या सुमारे ५८ लाख खेळ्या तपासणारा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कित्येक दशके जवळपास सपाट असलेला माणसाच्या निर्णयांचा दर्जा अल्फागोनंतर चढला, आणि खेळ्यांमधले नावीन्यही वाढले, असे त्यात दिसते. यंत्रामुळे सगळे एकसारखे खेळू लागतील, या भाकितापेक्षा हे चित्र पुष्कळ वेगळे आहे.

यंत्राला पूर्ण मोकळीक दिली की काय होते, त्याचाही नमुना आपल्यासमोर आहे: पत्राने खेळायचे बुद्धिबळ. तिथे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, वापरायला नियमानेच परवानगी आहे. परिणामी त्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीतले जवळपास सगळे डाव बरोबरीत सुटतात. जगज्जेता कापाब्लांकाला शंभर वर्षांपूर्वी सगळे डाव बरोबरीत सुटण्याची जी भीती वाटत होती, ती बुद्धिबळाच्या या एका कोपऱ्यात खरी झाली आहे. माणूस आणि यंत्र मिळून यंत्रापेक्षा भारी खेळतात, हा कास्पारोव्हचा १९९८ मधल्या लिऑनच्या प्रयोगापासूनचा आवडता सिद्धान्त; तोही आता टिकत नाही. माणूस त्या जोडीत बहुतेक वेळा ओझेच होतो.

आता पाहणाऱ्यांकडे वळतो. प्रक्षेपणात पटाच्या कडेला पांढरी-काळी पट्टी असते, इव्हॅल्युएशन बार. कोण किती वरचढ आहे ते ती क्षणाक्षणाला दाखवते. ही पट्टी आल्यापासून, ज्याला उंट कसा चालतो एवढेच माहीत आहे तो प्रेक्षकही जगज्जेत्याला ‘अरे, हे कसे दिसले नाही?’ असे विचारू लागला. प्रेक्षक वाढले, हे मान्य. पण त्यांना जे दिसते तो डाव नसतो.

नोव्हेंबर २०१८, लंडन. कार्लसन आणि फाबियानो कारुआना यांच्यातल्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा सहावा डाव. अगदी थोडी मोहरी उरली होती. काळी मोहरी घेतलेला कारुआना वरचढ, कार्लसन तटबंदी करून बसलेला. त्याच वेळी नॉर्वेतल्या सेसे या संगणकाने जाहीर केले की काळा जिंकतो: उंट एच४ वर न्यायचा, आणि मग आपलाच घोडा जी१ या कोपऱ्याजवळच्या घरात नेऊन अडकवून घ्यायचा. पुढे तीसेक खेळ्यांनी मात. कारुआनाने हे केले नाही, डाव बरोबरीत गेला, आणि ‘जिंकलेला डाव सोडला’ असे मथळे झाले. कास्पारोव्हने तेव्हा मार्मिक टिप्पणी केली होती: कारुआना तशी खेळी खेळला असता तर लोकांनी लगेच धातुशोधक यंत्र मागवले असते, कारण कुठलाही माणूस राजीखुशीने आपला घोडा असा कोंडणार नाही. माझा मुद्दा नेमका हा. जी खेळी केली तर फसवणुकीचा संशय यावा, ती न केल्याबद्दल खेळाडूच्या पदरात चुकीचे माप घालणारी समीक्षा ही समीक्षा नाही.

सिंगापूरला १२ डिसेंबर २०२४ रोजी उलट घडले. जगज्जेतेपदाच्या लढतीतल्या चौदाव्या डावात डिंग लिरेनने ५५ व्या खेळीला हत्ती एफ२ वर नेला आणि गुकेश साडेसात-साडेसहा अशा फरकाने जगज्जेता झाला. ही चूक माणसाच्या मापानेही चूकच: उंटांची अदलाबदल झाली की पाठोपाठ प्याद्यांचा अंतिम टप्पा हरलेला, हे त्या दर्जाच्या खेळाडूला दिसायला हवे. पण त्याआधी पट्टी कितीतरी वेळ मध्यावर होती. ‘बरोबरी आहे’ असे ती सांगत होती, आणि समालोचकांपैकी बरेच जण डाव संपल्यातच जमा धरून बसले होते. बरोबरी कोणाला टिकवायची होती? एक प्यादे कमी असलेल्या, घड्याळात मागे पडलेल्या माणसाला. दडपण कोणावर आहे, चूक करायला जागा कोणाला आहे, हे पट्टीला कळत नाही. समालोचकाला कळले पाहिजे. त्याला बोलावतात त्याचसाठी.

गुकेशच्या बाबतीत एक गोष्ट महाराष्ट्रातल्या पालकांनी ऐकण्यासारखी आहे. त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी सुमारे २५०० रेटिंग होईपर्यंत त्याला इंजिनपासून लांब ठेवले. पोराने आपल्या डोक्याने स्थिती फोडायची, चुकायचे, पुन्हा बसायचे. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकल्यापासून आपल्याकडे बुद्धिबळाच्या वर्गांना पुन्हा गर्दी आहे. त्यातली कितीतरी मुले डाव संपला की पाच मिनिटांत तो मोबाइलवर टाकतात, कुठल्या खेळ्या लाल आल्या ते पाहतात आणि उठतात. सांगलीत बुद्धिबळ-संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांच्या पिढीने डाव संपल्यावर पटाशी तासन्‌तास बसून जी चिकित्सा मुरवली, तिची जागा हा लाल रंग घेऊ शकत नाही. यंत्र निकाल सांगते, कारण सांगत नाही.

फसवणुकीबद्दल फार लिहीत नाही. खिशातला फोन जगज्जेत्याला हरवू शकतो, एवढ्यावरून सगळे ओघाने येते: झडत्या, उशिराने होणारे प्रक्षेपण, आणि त्याहून वाईट म्हणजे पुराव्याशिवायचे संशय.

उपाय म्हणून नियम बदलण्याची टूम निघाली आहे. बॉबी फिशरने १९९६ मध्ये मांडलेली, मागची मोहरी चिठ्ठी टाकल्यासारखी लावण्याची पद्धत ‘फ्रीस्टाइल’ या नावाने पैसेवाल्या स्पर्धांत आली. किल्लेकोटाशिवायचे बुद्धिबळ क्रामनिक आणि डीपमाइंड यांनी मिळून तपासले. २०२१ मध्ये डॉर्टमुंडला विश्वनाथन आनंद क्रामनिकशी तसे खेळला आणि जिंकलाही. पाठांतराचे ओझे यातून उतरते, आणि ते उतरायला हवेच. पण कडेची पट्टी तिथेही आहेच, त्यामुळे पाहणाऱ्याचा आजार कायम.

त्यावरचे औषध तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. टोरंटो, कॉर्नेल आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये माया नावाचा प्रोग्रॅम केला. तो सर्वोत्तम खेळी शोधत नाही. अमुक रेटिंगचा माणूस इथे काय खेळेल, याचा अंदाज बांधतो. प्रक्षेपणात या धर्तीचा आकडा दाखवला तर ‘ही खेळी सापडणे किती अवघड होते’ हे प्रेक्षकाला कळेल. प्रक्षेपण करणाऱ्यांनी त्याचा विचार करावा. आणि मराठीत आता बुद्धिबळाचे समालोचन करणारी, डावांवर लिहिणारी जी तरुण मंडळी आहेत, त्यांना एकच विनंती: खेळाडू खेळी करेपर्यंत पट्टी झाकून ठेवा, आणि आधी तुम्हाला काय दिसते ते सांगा. चुकलात तरी चालेल.