छेद लहान म्हणून धोका लहान?

धामणगाव रेल्वेच्या स्टेशनाबाहेर वाटले गेलेले एक पत्रक तेथील एका शिक्षकमित्राने आम्हांला पाठविले आहे. गुळगुळीत कागद, वर कण्याचे रंगीत चित्र आणि खाली ठळक मजकूर : मणक्यात गॅप? गादी सरकली? दुर्बिणीतून बिनटाक्याचे ऑपरेशन. भूल नाही, धोका नाही, त्याच दिवशी घरी. बाजार समितीत सोयाबीन-तुरीची पोती वाहणारा एक हमाल ते घेऊन त्यांच्याकडे आला होता. तीन आठवडे कमरेतून पायात कळ जात होती. ‘टाकेच नाइत तं भेव कायचं, मास्तर?’ पत्रक कोणाचे ते सोडून देऊ. अशी पत्रके पुष्कळ निघतात. पण त्याचे सारे तर्कशास्त्र हमालाच्या या एका प्रश्नात उतरले आहे, म्हणून त्याची तपासणी करू.

मुळात गादी सरकत नाही. दोन मणक्यांमधील चकतीला बाहेरून चिवट तंतूंची कडी असतात आणि आत पाणीदार, लिबलिबीत गर. कड्यांना चीर पडली की गराचा तुकडा बाहेर येतो आणि शेजारून पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाला दाबतो, चेतवितो. शस्त्रक्रिया म्हणजे तो तुकडा काढणे. पूर्वी त्यासाठी काही सेंटिमीटरचा छेद घेत. आता बोटभर जाडीच्या नळीतून किंवा त्याहूनही बारीक दुर्बिणीतून काम होते. स्नायू कमी दुखावतात, रक्त कमी जाते, जखमेत जंतुसंसर्ग होण्याची शक्यता घटते. हे लाभ खरे आहेत.

पण धोका कातडीत नसतो, तळाशी असतो. मज्जातंतूभोवतीचे आवरण फाटून आतील द्रव गळणे, मुळाला इजा होणे, मोजणीत चूक होऊन भलत्याच मणक्यावर काम होणे, चकतीत जंतू शिरणे, हे सारे नळीतूनही घडू शकते. चकतीच्या पुढच्या बाजूला तर शरीरातील मोठ्या रक्तवाहिन्या असतात. हत्यार कड्याच्या पलीकडे गेले तर होणारा रक्तस्राव, क्वचितच घडत असला तरी, जिवावर बेततो. आणि तो पुढे, पोटाच्या बाजूला होत असल्याने दुर्बिणीत दिसेलच असे नाही. विहिरीचे तोंड अरुंद केले म्हणून विहीर उथळ होत नाही. शिवाय उरलेला गर त्याच चिरेतून पुन्हा बाहेर येतो तो वेगळाच. शंभरांतील साधारण पाच ते पंधरा जणांना हा अनुभव येतो.

‘भूल नाही’ हेही अर्धसत्य. जागा बधिर करतात, म्हणजे स्थानिक भूल देतातच. तिचा फायदा असा की रुग्ण जागा असतो आणि मुळाला धक्का लागताच ओरडतो. पत्रकाने हे सांगितले असते तर आम्ही त्याचे कौतुक केले असते.

बिनछेदाचे आश्वासन नवे नाही. कच्च्या पपईच्या चिकाने मांस लवकर शिजते हे आपल्या स्वयंपाकघरात ठाऊक आहे. 1956 साली लुईस थॉमस यांनी त्या चिकातील पपेन सशांच्या शिरेत टोचले, तर ताठ कान काही तासांत लोंबू लागले आणि काही दिवसांत पुन्हा उभे राहिले. कूर्चेतील आधारद्रव्य विरघळले होते. यावरून लायमन स्मिथ यांनी चिकातीलच कायमोपपेन रुग्णांच्या चकतीत टोचले (1964). अमेरिकेत 1982 मध्ये त्याला मान्यता मिळाली. एक सुई, टाका नाही! मग काहींना तीव्र ॲलर्जी झाली, थोड्यांना पक्षाघात झाला, काही दगावले आणि औषध बाजारातून गेले. सुईचे भोक तर सर्वांत लहान होते.

मग तुलना कशी करावी? नेदरलँड्समध्ये 328 रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटाची शस्त्रक्रिया नळीतून, दुसऱ्याची नेहमीच्या छेदातून. आपली कोणती झाली हे रुग्णांना कळू दिले नाही. निष्कर्ष 2009 मध्ये आले : वर्षानंतर बरे वाटणारे नळीच्या गटात 69 टक्के, नेहमीच्या गटात 79 टक्के. लहान छेद हरला! पुढे 2022 मध्ये त्याच देशातील 613 रुग्णांवरील अभ्यासात बाजूने घातलेली दुर्बीण नेहमीच्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी ठरली नाही, पायदुखीत किंचित सरसच ठरली. म्हणजे तंत्र वाईट नाही. पण कोणते तंत्र, कोणाच्या हातात आणि कशाशी तुलना, हे न सांगता ‘धोका नाही’ म्हणणे हे विज्ञान नव्हे.

पत्रकात एमआरआयवर सवलत आहे, तिच्याकडेही बघावे. कंबर कधीच न दुखलेल्या 98 जणांची एमआरआय तपासणी 1994 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिकांत चकती फुगलेली आढळली. छायाचित्रातील फुगवटा दाखवून घाबरविणे फार सोपे असते.

आणि थांबण्याचे काय? 2007 च्या एका डच अभ्यासात सहा ते बारा आठवडे पायदुखी असलेल्या 283 जणांपैकी निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया झाली, उरलेल्यांना थांबविले. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली. पण वर्षअखेर दोन्ही गटांत 95 टक्के बरे होते. फरक वेगाचा. पगारी माणसाला हा फरक किरकोळ वाटेल. रोजावर जगणाऱ्या हमालाला तीन महिने म्हणजे अर्धा हंगाम. त्याने शस्त्रक्रियेला घाई केली तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही.

आम्ही शिक्षकमित्राला एवढेच कळविले : लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, बैठकीचा भाग बधिर होणे, पायातील शक्ती झपाट्याने जाणे, यांपैकी काही झाले तर एक दिवसही न थांबता मोठे रुग्णालय गाठा. तसे नसेल तर तीन आठवडे हा फार थोडा काळ आहे. वेदनाशामक घ्यावे, झेपेल तितके चालावे, ओझे उचलू नये. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर सर्जनला विचारावे : आपण अशा किती केल्या, त्यांतील कितींना पुन्हा करावी लागली, आणि दुर्बिणीतून अडचण आली तर पुढची सोय येथेच आहे की दुसरीकडे पाठवाल?

मित्राने हे प्रश्न पत्रकाच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून हमालाजवळ दिले आहेत.